जुना लोखंडी रंधा: ओळखायचा कसा, घ्यायचा कसा

सुतारपक्षी

जुन्या रंध्यांचे प्रश्न इथे पाच-सहा धाग्यांत विखुरले आहेत, म्हणून सगळं एका ठिकाणी आणतो. सुरुवात स्टॅन्लीच्या बेली घडणीपासून करू. रेकॉर्ड, सार्जंट, मिलर्स फॉल्स या कंपन्यांचे आणि आपल्याकडे पंजाबात बनणारे लोखंडी रंधे या सगळ्यांची रचना त्याच्याशी मिळतीजुळती आहे. हा एक नीट वाचता आला की बाकीचे आपोआप कळू लागतात.

लिओनार्ड बेली बॉस्टनचा. त्याची पेटंटं १८६९ मध्ये न्यू ब्रिटन, कनेटिकटच्या स्टॅन्ली रूल अँड लेव्हल कंपनीने घेतली. रंध्यावरचा नंबर म्हणजे आकार. ३ नंबर ८ इंची, ४ नंबर ९ इंची, ५ नंबर १४ इंची, ६ नंबर १८, ७ नंबर २२ आणि ८ नंबर २४ इंची. ४ आणि ५ चं पातं २ इंच रुंद, ६ आणि ७ चं २ पूर्णांक ३/८ इंच. नंबरापुढे 'सी' असेल तर तळाला लांबीच्या दिशेने पन्हळी असतात. त्यामुळे कामात मोठा फरक पडत नाही, तेवढ्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

साफ हात मारायला ४, जाड काढायला ५, फळ्यांच्या कडा जोडायला ७. पहिलाच रंधा घेत असाल तर ४ किंवा ५ घ्या. १ नंबर (साडेपाच इंची) कुठे दिसला तर लक्षात घ्या की ती संग्राहकांची वस्तू आहे. त्याचा भाव हजार डॉलरच्या आसपास किंवा वर जातो आणि त्याच्या नकलाही फिरतात.

आता रंधा हातात आल्यावर काय करायचं. लिव्हर कॅपचा, म्हणजे पातं वरून दाबून धरणाऱ्या तुकड्याचा, खटका उचला, कॅप काढा, पातं आणि चिपब्रेकर (पात्यावर बसवलेली, ढलपी मोडणारी पट्टी) बाहेर घ्या. विकणारा पातं काढू देत नसेल तर तिथेच थांबा. मग या क्रमाने बघा:

१. तोंड. तळाला पातं बाहेर येण्याची जी आडवी फट आहे, तिचे दोन्ही कोपरे. बीड इथेच आधी तडकतं. पुढच्या कडेचा टवका उडालेला असेल तर साफ कामाला तो रंधा उपयोगाचा नाही, कारण पात्याच्या अगदी पुढे लाकूड दाबून धरणारी कड तीच.

२. बाजूच्या भिंती. तोंडाच्या दोन्ही अंगांना भिंत सर्वांत कमजोर असते. रंधा खाली पडला की तिथे फुटतो. जुनी दुरुस्ती असेल तर पितळेची पिवळी रेघ दिसते.

३. फ्रॉग, म्हणजे ज्या उतरत्या बैठकीवर पातं टेकतं तो ठोकळा. दोन स्क्रू काढून तो उचला. खालच्या घासलेल्या पट्ट्या सपाट आहेत का, स्क्रूंचे आटे धड आहेत का, ते बघा.

४. लिव्हर कॅपचे खालचे कोपरे आणि मधलं भोक.

५. पात्याची पाठ, म्हणजे चिपब्रेकर टेकतो ती बाजू. धारेपासून पहिल्या अर्ध्या इंचात गंजाचे खड्डे असतील तर धार लावताना प्रत्येक खड्डा धारेवर येऊन खाच पाडतो. दुसऱ्या बाजूचे खड्डे चालतात.

वरवरचा तांबूस गंज निघतो. तडा निघत नाही.

---

गुण्या

उत्तम सुरुवात. तडा शोधायची एक जुनी रीत जोडतो. मूठ, फ्रॉग, पातं सगळं उतरवा. नुसतं बीडाचं अंग टाचेकडून एका बोटावर लटकतं धरा आणि दुसऱ्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने टिचकी मारा. धड बीड वाजतं, सूर थोडा वेळ टिकतो. तडा असेल तर आवाज बसका, फुटक्या मडक्यासारखा येतो. भाग जोडलेले असताना ही परीक्षा करू नका, मुठीच्या लाकडाने आवाज दबतो.

आणि सोबत ठेवायच्या गोष्टी: ३०० मिलीमीटरची पोलादी पट्टी, छोटा टॉर्च, रुंद पात्याचा स्क्रूड्रायव्हर. पट्टी तळावर उभी धरून पलीकडून टॉर्च मारायचा. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि टाच या तीन जागी पट्टी टेकली पाहिजे. मध्ये साध्या झेरॉक्सच्या कागदाएवढी, म्हणजे साधारण ०.१ मिलीमीटरची, फट असेल तर ती घासून काढता येते. तोंडापाशीच खळगा असेल किंवा तळाला पीळ असेल तर खूप घासावं लागतं. २२ इंची रंध्याला पीळ असेल तर सोडून द्या.

---

पाचर

सुतारपक्षी, प्रश्न आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात एक स्टॅन्ली ४ नंबर आहे. फ्रॉगच्या मागे बीडात तीन तारखा ओतलेल्या: मार्च-२५-०२, ऑगस्ट-१९-०२, एप्रिल-१९-१०. विकणारा म्हणतो १९०२ चा आहे. पुढची गोल मूठ उंच आहे. लिव्हर कॅपवर स्टॅन्ली लिहिलंय आणि तिचं भोक घेवड्याच्या दाण्यासारखं वाकडं आहे. पात्यावर रेकॉर्डचं नाव. एवढ्यावरून काय समजावं?

---

सुतारपक्षी

@पाचर, फार चांगली उदाहरणाची वस्तू सापडली. एकेक भाग बघू.

त्या पेटंटच्या तारखा आहेत, रंधा बनल्याच्या नव्हेत. हा गैरसमज विकणाऱ्यांमध्ये सर्रास आहे. शेवटची तारीख १९१० ची, म्हणजे अंग त्याआधीचं असूच शकत नाही. तिन्ही तारखा असलेली अंगं १९१० पासून १९२०-२५ च्या दरम्यानची. फक्त १९०२ च्या दोन तारखा असत्या तर ते १९१० च्या आधीचं धरलं असतं. पुढे तारखा कमी झाल्या आणि १९३० च्या सुमाराला गेल्याच.

उंच गोल मूठ साधारण १९१९-२० पासून आली, त्याआधी बुटकी आणि जाड असायची. म्हणजे अंग आणि गोल मूठ यांचं जमू शकतं: १९२० ते २४ च्या आसपासचं. खात्रीसाठी पातं पुढे-मागे करणारा पितळी नट मोजा. सव्वा इंच व्यासाचा असेल तर याच काळातला, एक इंचाचा असेल तर आधीचा.

लिव्हर कॅपवर स्टॅन्ली हे नाव १९२५ नंतर ओतायला लागले. वाकडं भोक १९३३ पासूनचं, आधी भोक सरळ किल्लीच्या भोकासारखं असे. म्हणजे कॅप नंतरची. आणि रेकॉर्ड ही इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या सी. अँड जे. हॅम्प्टनची, त्यांचे लोखंडी रंधे १९३१ पासूनचे. पातं तिसरीकडचं.

थोडक्यात, तीन जन्मांचे भाग एकत्र आलेत. कामासाठी यात काही वाईट नाही. रेकॉर्डचं पातं उत्तम पोलादाचं असतं. पण 'जुना अस्सल' म्हणून जास्तीचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

एक सावधगिरी: हे कालखंड संग्राहकांनी नंतर पाडले आहेत. कारखान्यात उरलेले जुने भाग नव्या अंगांवर चढत होते. त्यामुळे दोन लागोपाठच्या काळांचे भाग एकत्र दिसले तर ते मुळातलेच असू शकतात. १९२० च्या अंगावर १९३३ ची कॅप मात्र नंतर कोणीतरी बसवलेली. आणि ही सगळी मोजणी अमेरिकेत बनलेल्या बेली रंध्यांची. 'मेड इन इंग्लंड' ओतलेला स्टॅन्ली असेल तर ती लागू करू नका. शेफिल्डमध्ये त्यांचं उत्पादन १९३० च्या दशकाच्या शेवटी सुरू झालं आणि तिकडचे बदल वेगळ्या वर्षी झाले.

---

रानजाई

आपल्या बाजारात इंग्लंडचा माल अमेरिकेच्या मालापेक्षा जास्त निघतो, म्हणून त्यावर लिहिते.

रेकॉर्ड ओळखायला सोपा. निळा रंग आणि जुन्या रंध्यांवर नंबराआधी शून्य: ०४, ०५, ०७. आकार स्टॅन्लीच्याच नंबरांप्रमाणे. काहींवर दोन तुकड्यांचा चिपब्रेकर असतो, त्याला 'स्टे-सेट' म्हणत. खालचा छोटा तुकडा हातानेच उचलून निघतो, म्हणजे धार लावायला स्क्रू काढावा लागत नाही. फार सोयीची वस्तू आहे. पण तो छोटा तुकडा सुटा असल्यामुळे हमखास हरवलेला असतो. घेण्याआधी तो आहे का बघा, नुसता वरचा भाग उपयोगाचा नाही.

काही हत्यारांवर बाणाचं निशाण ठोकलेलं दिसतं, वर टोक असलेला तीन रेघांचा बाण. ते ब्रिटिश सरकारी मालाचं चिन्ह. बनावटीचं नाव नाही, मालकीचं आहे.

आता लाकडी रंधे. इंग्लिश लाकडी रंधे बीचचे, फिकट तपकिरी आणि बारीक ठिपक्यांचे. बनवणाऱ्याचं नाव पुढच्या टोकावर, लाकडाचा आडवा छेद दिसतो तिथे, ठोकलेलं असतं. तिथेच दोन-तीन आणखी नावं असतील तर ती मालकांची. मालकाचं नाव बहुधा वेड्यावाकड्या जागी आणि अनेकदा ठोकलेलं असतं, बनवणाऱ्याचं एकदाच आणि मधोमध. नक्षीचे रंधे साडेनऊ इंच लांब असतील तर एकोणिसाव्या शतकातले किंवा नंतरचे. दहा इंचांच्या पुढचे आणि कडांना रुंद सपाट कापलेले असतील तर आणखी जुने, ते जपून ठेवा.

पात्यावर 'कास्ट स्टील' ठोकलेलं असतं. ते ओतीव बीड नव्हे. मुशीत वितळवून केलेलं उच्च दर्जाचं पोलाद, शेफिल्डची ती ओळख होती. पातं बाजूने बघा: धारेपाशी जाड, वर पातळ होत गेलेलं. कडेला दोन थर दिसतील, खाली पोलादाचा पातळ थर आणि वर मऊ लोखंड. घासताना दोघांची चमक वेगळी दिसते. पोलादाचा थर संपत आलेलं पातं घेऊ नका, मऊ लोखंडाला धार टिकत नाही.

पातं आवळून धरणारी लाकडी पाचर त्याच रंध्याची आहे का तेही तपासा. बसवून खाली रेटली की दोन्ही अंगांना सारखी टेकली पाहिजे. एकाच बाजूला टेकत असेल तर ढलप्या त्या फटीत अडकतात आणि तोंड तुंबतं. बीचमध्ये किड्यांची टाचणीएवढी भोकं सहज दिसतात. रंधा पांढऱ्या कागदावर आपटा. ताजी पिठासारखी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे, तो रंधा घरात आणू नका.

---

पाचर

@रानजाई ताई, धन्यवाद. @सुतारपक्षी, नट मोजायला परत जातोय. मूठ मागून तडकलेली आहे, तिचं काय?

---

शिसवी_मूठ

मागच्या मुठीचा तडा फार साधारण दोष. मुठीतून एक लांब सळई आरपार जाते आणि वर पितळी नट असतो. लाकूड सुकून आकसलं की नट घट्ट बसत नाही, मूठ हलते आणि खालच्या तिसऱ्या भागात, जिथे रेषा आडव्या पडतात, तिथे तुटते. घाणेरड्या जुन्या गोंदाने जोडलेली नसेल तर दुरुस्ती सोपी. कोमट पाण्याने तेलकटपणा धुऊन, दोन दिवस सुकवून इपॉक्सी लावायचं. सळईच्या जागी मेणाचा लेप दिलेली सळई घालून ठेवायची, नाहीतर गोंद भोकात उतरतो. शिकंज्यात वेडावाकडा दाब येतो, त्यापेक्षा सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून बांधा.

अमेरिकी जुन्या मुठी ब्राझिलच्या शिसवाच्या. ते लाकूड १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या यादीत आहे. पण आपलं शिसव त्याच कुळातलं, आणि मूठ नवी करायला उत्तम. लाकडाच्या रेषा मुठीच्या लांबीला नव्हे, तळाशी समांतर ठेवा. नाहीतर वरचं शिंग तुटतं.

मूळ सळई हरवली असेल तर सावध. तिचे आटे स्टॅन्लीचे स्वतःचे आहेत, इंचाला २० आणि जाडी १२ नंबरची. हार्डवेअरच्या दुकानातला मेट्रिक स्क्रू जोर लावून फिरवला की अंगातले आटे जातात. कधी कधी त्यात आधीच कोणीतरी तसा फिरवलेला असतो. स्क्रू हाताने दोन-तीन फेऱ्या सहज उतरला तरच आटे धड.

---

गुण्या

गंज काढण्याबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच असणार.

हलक्या गंजाला तेल आणि पोलादी काथ्या पुरे. जाड असेल तर सायट्रिक अ‍ॅसिड, लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम. दर दोन तासांनी काढून ब्रशने घासा. रात्रभर ठेवू नका, बीड काळं आणि खरबरीत होतं. बाहेर काढल्यावर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवा, लगेच कोरड्या फडक्याने पुसा आणि ऊन असेल तर उन्हात, नाहीतर गरम तव्यावर सुकवा. नंतर तेल. हे शेवटचे पाच मिनिटांचे काम टाळलं की तासाभरात नवा गंज दिसतो, पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत.

विजेने काढायचा असेल तर चार लिटर पाण्यात चमचाभर धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर. ऋण तार रंध्याला, धन तार टाकाऊ लोखंडाच्या तुकड्याला. उलटं जोडलं तर रंधाच झिजतो. तुकडा साध्या लोखंडाचा हवा. स्टेनलेस अजिबात नको, त्यातलं क्रोमियम विषारी रूपात पाण्यात उतरतं. हायड्रोजन सुटतो, म्हणून मोकळ्या हवेत करा आणि चार्जर बंद करूनच हात घाला. पितळी नट आणि लाकूड यात घालू नका.

मूळचा काळा लेप शाबूत असेल तर तो काढून रंग मारू नका. वापरायच्या रंध्याला गरज नाही, आणि संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते.

---

सुतारपक्षी

गुण्यांच्या उत्तरात तळ घासण्याचं जोडतो. जाड काचेवर ८० नंबरचा सँडपेपर चिकटवा. फ्रॉग, पातं, लिव्हर कॅप सगळं बसवून, नेहमीच्या ताणाला आवळून, फक्त पातं आत ओढून घासा. कॅप आवळल्यावर अंग किंचित वाकतं. सुटं अंग घासून सपाट केलं तर जोडल्यावर पुन्हा वाकडं होईल. तळावर मार्करने आडव्या रेघा मारा, गुण्यांनी सांगितलेल्या तीन जागांवरच्या पुसल्या की थांबा. पूर्ण तळ आरशासारखा करण्यात बीड फुकट जातं.

नव्या जाड पात्याचा मोह होतो. स्टॅन्लीचं मूळ पातं जेमतेम २ मिलीमीटर जाड. ३ मिलीमीटरचं बसवायला तोंड कानशीने रुंद करावं लागतं, आणि ते पुन्हा अरुंद करता येत नाही. आधी फ्रॉग मागे घेऊन बघा. १९०७ नंतरच्या रंध्यांना त्यासाठी मागे एक स्क्रू असतो. मूळ पातं मात्र धारेपासून खाचेपर्यंत इंचभर तरी शिल्लक असावं.

चिपब्रेकर धारेपासून अर्ध्या मिलीमीटरपेक्षा जवळ आणा, अवघड लाकडावर आणखी जवळ. तो आणि पात्याची पाठ यांत प्रकाश दिसता कामा नये, नाहीतर ढलपी त्या फटीत शिरून अडकते. सागवानावर काम असेल तर लक्षात ठेवा, त्यात वाळूसारखा सिलिका असतो आणि धार लवकर बोथट होते. पात्याचा दोष समजून पातं बदलू नका.

---

रानजाई

नॉरिस आणि स्पायर्स या ब्रिटिश बनावटीचे रंधे दिसले तर काय, हे कोणी विचारलं नाही, पण मुंबईच्या जुन्या सामानात अधूनमधून निघतात. पोलादाचं किंवा बीडाचं खोकं, आत शिसव ठासून भरलेलं, पितळी किंवा पोलादी लिव्हर कॅप. स्पायर्स स्कॉटलंडच्या एअरचे, नॉरिस लंडनचे. पोलादी खोक्याच्या भिंत आणि तळ यांच्या जोडावर नखाने फिरवा, डोव्हटेलचा सांधा लागू नये इतका बारीक असतो. लाकूड आकसून भिंतीपासून सुटलं असेल तर भाव पाडा.

नॉरिसचा पात्याचा समायोजक फिरवण्याआधी कॅपचा स्क्रू सैल करा. घट्ट असताना फिरवला की बारीक आटे झिजतात, आणि तो भाग सहज मिळत नाही. दुकानात कोणी जोर लावून फिरवून दाखवायला लागला तर थांबवा.

---

परदेशी_पटाशी

अमेरिकेतून किंवा इंग्लंडमधून ऑनलाइन घेताना फोटो कोणते मागायचे? आणि भारतात नेताना?

---

सुतारपक्षी

कमीत कमी आठ: तळ सरळ वरून, तोंड जवळून, दोन्ही भिंती बाहेरून, फ्रॉग काढलेलं अंग आतून, पात्याची पाठ चिपब्रेकर काढून, मागची मूठ दोन्ही बाजूंनी. विकणारा 'मला रंध्यातलं कळत नाही' म्हणाला तरी फ्रॉगचे दोन स्क्रू काढायला सांगा. नाही म्हणाला तर तडा आहे असं धरून भाव करा.

वर्णनात 'बेडरॉक' (स्टॅन्लीचीच दुसरी घडण) लिहिलेलं असेल तर नंबर बघा: ६०२ ते ६०८, सहाशेच्या घरातला. फ्रॉग अंगाला पूर्ण लांबीभर टेकतो आणि १९११ नंतरच्यांच्या भिंती वरून गोल नसून सपाट कापलेल्या असतात. साध्या ४ नंबरला बेडरॉक म्हणून विकत असतील तर खोटं.

पाठवताना अंग, फ्रॉग, पातं वेगवेगळे गुंडाळायला सांगा. जोडलेला रंधा खोक्यात आपटला की मूठ तुटते आणि अंग तडकतं. विमानात चेक-इन सामानात, पातं वेगळं आणि धारेवर पुठ्ठा. ४ नंबरचं वजन पावणेदोन किलोच्या आसपास, ७ नंबर साडेतीनच्या पुढे, वजनाचा हिशोब आधीच करा.

---

पाचर

जाऊन आलो. नट सव्वा इंचाचा. गोल मूठ जुळते. पण सगळं उतरवून टिचकी मारली तर आवाज बसका. टॉर्चने बघितलं, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून भिंतीकडे केसाएवढी रेघ गेलीय, अर्धा इंच. पट्टीवर तळ मात्र सरळ. विकणारा म्हणतो ती ओरखड्याची रेघ आहे.

---

गुण्या

ओरखडा आवाज बसवत नाही. त्या रेघेवर पातळ तेलाचा एक थेंब टाका, पुसा आणि वर खडूची पूड चोळा. मिनिटभराने तेल रेघेतून पुन्हा बाहेर आलं तर तडा आहे. भिंतीकडे निघालेला तडा वाढतच जातो. बीडाला वेल्डिंग करायला गेलात तर तळ वाकतो.

---

सुतारपक्षी

अंग म्हणून घेऊ नका. पण फ्रॉग, सव्वा इंची नट, गोल मूठ, रेकॉर्डचं पातं हे सगळं धड असेल तर भंगाराच्या वजनाच्या भावात मागा. त्याच काळाच्या दुसऱ्या ४ नंबरला हे चारही भाग बसतील. नट काढताना लक्षात ठेवा, आटे उलटे आहेत. घड्याळाच्या दिशेने फिरवलात तरच तो निघेल. उलट दिशेने जोर लावून त्याच्या मागचा दोन बोटांचा काटा मोडू नका, तो बीडाचा आहे.